हुंगून पाहायचा नियम

४ मार्च

धाकटीस,

गेल्या गुरुवारी आपल्या जुन्या वॉर्डातले नवे डॉक्टर माझ्या घरी आले आणि वासाची वही मागून गेले. म्हणून हे पत्र. नाहीतर मी लिहिलं नसतं आणि तूही वाट पाहिली नसतीस. आधी दोनदा फोन केला. तुझ्या दुकानातल्या मुलीने "बाई कापड कापायला बसल्यात" असं सांगून ठेवून दिला. पत्राला तसं सांगता येत नाही, म्हणून पत्र.

मुद्द्याचं सांगते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वासासाठी वास द्यायची पद्धत या डॉक्टरांना वॉर्डात पुन्हा सुरू करायची आहे. आता इतर ठिकाणीही हे करून पाहिलंय म्हणे. त्यांच्या वॉर्डातल्या एका जुन्या आयाने त्यांना सांगितलं की हे इथे सव्वीस वर्षांपूर्वीच होत होतं, एका इन्चार्ज सिस्टरने सुरू केलं होतं, आणि तिने सगळं लिहून ठेवलंय. तेव्हा ते शोधत आले. तरुण आहेत, चपला दाराबाहेर नीट जोडीने ठेवून आत आले. मला बरं वाटलं.

वही माझ्याकडेच आहे. निवृत्त होताना कुणी मागितली नाही, म्हणून राहिली. परवा पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. आपण किती नेटाने काम करत होतो हे मीच विसरले होते. फार्मसीतून आलेलं व्हॅनिलाचं पाणी, गॉजच्या तुकड्यावर दहा थेंब, तुकडा काचपेटीच्या कोपऱ्यात, बाळाच्या नाकापासून वीतभर लांब, दर पाळीला नवा. वहीत रकाने माझ्या हातचे: पेटीचा नंबर, वेळ, बाळ श्वास घ्यायचं 'विसरलं' तर किती आकडे मोजेपर्यंत, रंग कसा झाला, कशाने आठवलं. तळव्याला टिचकी, पाठ चोळली, श्वासाची पिशवी दाबली. दिवसाला अकरा वेळा विसरणारं बाळ वासानंतर सहा वेळा विसरायचं. सगळ्यांच्या बाबतीत नाही, पण चारातल्या तिघांच्या बाबतीत. हे मी डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते खुर्चीच्या कडेवर सरकून बसले.

आता पान ११७. पाचव्या पेटीतली मुलगी, बाराशे चाळीस ग्रॅम. वहीत एवढंच आहे: "दुपारी २.५०, विसरली, तीस आकडे, निळी, पिशवीने आठवलं. ३.१०, विसरली, पिशवी, उपयोग नाही. ३.४० बंद." त्यापुढे वही कोरी आहे. व्हॅनिलाच्या जागी निलगिरीचं तेल गेलं होतं हे त्यात नाही. मेट्रनबाईंच्या खोलीत जे बोलणं झालं ते कागदावर आलंच नाही. तू नोकरी सोडलीस आणि प्रकरण मिटलं.

वही तशीच देणं मला पटत नाही. सोबत मी एका टिपणाचा मसुदा जोडलाय: "सदर दिवशी पाळीवरील नर्सकडून व्हॅनिलाऐवजी निलगिरीचे तेल भरले गेले." तुझं नाव घातलेलं नाही. पण हजेरीपट काढला तर कुणालाही कळेल, म्हणून तुला आधी विचारते. वाचून, खाली सही करून परत पाठव. एवढ्या वर्षांनंतर कुणी तुला काही म्हणणार नाही, आणि म्हटलंच तर मी आहे.

डॉक्टरांना सगळ्यात काय आवडलं सांगू? माझा नियम. इन्चार्जने स्वतः हुंगून पाहिल्याशिवाय एकही बाटली पेटीजवळ जाणार नाही. ते म्हणाले, या सगळ्यातली शहाणपणाची गोष्ट हीच. ते तो जसाच्या तसा घेणार आहेत. २५ तारखेला सोमवारी तीन बाळांपासून सुरुवात आहे. त्याआधी तुझं उत्तर हवं.

वहिनी

*

९ मार्च

वहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. दुकानातली मुलगी खोटं बोलली नव्हती, खरंच कापत होते. शाळा उघडायच्या आत अडीचशे शर्ट द्यायचेत. या धंद्यात मला एक गोष्ट फार आवडते. खिसा उलटा लागला की उसवायचा आणि पुन्हा लावायचा. कुणी मेट्रनच्या खोलीत बोलावत नाही.

तुमचं अक्षर अजून छापल्यासारखं आहे. मसुदा वाचला. "भरले गेले" हे वाचून हसू आलं, खरं सांगते. कुणी भरलं, कुणी दिलं, कुणी घेतलं, यातलं काही नाही. तेल आपलं चालत आलं आणि बाटलीत जाऊन बसलं. दादा असता तर म्हणाला असता, हिला वकील करायला हवं होतं.

सही केलेली नाही. कागद सोबत परत पाठवतेय. तुम्हाला जे लिहायचं ते तुमच्या सहीने लिहा. हजेरीपटात माझं नाव आहे तर आहे. ज्यांना कळायचं होतं त्यांना तेव्हाच कळलं होतं. मला पाहायला आलेल्या एका घराने तर "ती बाळ गेलेली नर्स हीच ना?" असं माझ्यासमोरच दादाला विचारलं होतं. तुम्ही तेव्हा आत चहा करत होतात.

तुम्ही म्हणता, कुणी काही म्हटलं तर मी आहे. ते वाचलं आणि पत्र जरा वेळ बाजूला ठेवलं.

एकच मागणं आहे. वही द्या, रकाने द्या, दहा थेंब, वीतभर अंतर, सगळं द्या. त्याने बाळांना उपयोग व्हायचा, ते मीही या डोळ्यांनी पाहिलंय. तो नियम तेवढा देऊ नका.

धाकटी

*

१३ मार्च

धाकटीस,

नियम देऊ नका म्हणजे काय? कारण न देता मागणी करायची तुझी सवय अजून गेलेली दिसत नाही. वॉर्डात काहीतरी चुकलं तर ते नियमामुळे नव्हे, नियमानंतर चुकलं. मी बाटली हुंगून तुझ्या हातात दिली, ती बरोबर होती. त्यानंतर ट्रॉलीपासून पेटीपर्यंत काय झालं ते तुलाच माहीत. तेव्हाही मी हेच सांगितलं आणि तू तोंडातून अक्षर काढलं नाहीस. जो गप्प बसतो त्याच्याविषयी लोक काय समजणार?

तू रागावली आहेस आणि राग नियमावर काढते आहेस, असं मी धरून चालते.

काल मी वॉर्डात जाऊन आले. डॉक्टरांनी गाडी पाठवली होती. ओळखू येणार नाही तुला. आपल्या वेळी आठ पेट्या आणि दोन घड्याळं होती, आता प्रत्येक पेटीला तीन तीन पडदे आणि हिरव्या रेघा. बाळ विसरलं तर यंत्र ओरडतं. आकडे मोजायला कुणाला येत नाही. एका शिकाऊ मुलीला विचारलं, वीज गेली तर काय करशील, तर म्हणाली, मावशी, वीज जात नाही. तरी मुली चांगल्या आहेत. हात धुताना कोपरापर्यंत धुतात, मी पाहत होते. तीन बाळं दाखवली. सगळ्यात लहान आहे ते नऊशे साठचं, हाताचा पंजा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. दिवसाला चौदा वेळा विसरतं. त्याची आई पेटीच्या भोकातून हात घालून नुसती बसलेली असते, ऊठ म्हटलं तरी उठत नाही.

मग डॉक्टरांनी सगळ्यांना गोळा केलं. आठ नर्सेस, दोन शिकाऊ डॉक्टर, आताची इन्चार्ज. मला म्हणाले, तुमची पद्धत एकदा करून दाखवा. ट्रेमध्ये बाटली आणली. तशीच तपकिरी, काचेची. मी बूच काढलं, हात नाकाकडे हलवून हुंगून दाखवलं, मान हलवली, "ठीक आहे" म्हणाले आणि चिठ्ठीवर सही केली. सगळ्यांनी पाहिलं. आताची इन्चार्ज म्हणाली, आजपासून मी असंच करणार. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, का ते विचारलं नाही.

तर हे असं आहे. आता तू नियमाविषयी काय म्हणतेस ते सरळ लिही. २५ तारीख जवळ आली.

वहिनी

*

१६ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र दुपारी आलं आणि मशिन बंद करून बसले. दुकानातल्या मुलीला घरी पाठवलं. ती म्हणाली, बाई, कुणी गेलं का. म्हटलं, हो, पण जुनं आहे.

तुम्ही बाटली हुंगलीत. वास आला का?

उत्तर द्यायची घाई करू नका. आधी मी सांगते, मला काय काय माहीत आहे ते.

त्या वर्षी थंडीच्या शेवटी तुम्हाला ताप आला होता. आठ दिवस रजा घेतलीत, त्यातले पाच दिवस तरी अंथरुणात बसून ड्यूटीचे तक्ते लिहीत होतात. ताप उतरला आणि तुम्ही कामावर आलात. त्यानंतरच्या एका सकाळी मी गॅसवर दूध ठेवलं आणि वेणी घालत बसले. दूध उतू गेलं, आटलं, भांड्याच्या बुडाला लागून करपलं. मी आतल्या खोलीत होते, मला वास आला. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातच, स्टुलावर, गॅसकडे पाठ करून तक्ता लिहीत होतात. मी धावत आले तेव्हा घरभर धूर झाला होता आणि तुम्ही वर पाहून विचारलंत, "का पळतेस?" मी म्हटलं, दूध. तुम्ही म्हणालात, "हो, मला येतच होता वास, मी उठणारच होते."

तुमचे डोळे मी पाहिले, वहिनी. तुम्हाला काही आलं नव्हतं.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. मुद्दाम नाही, पण ठेवलं. शेजारच्यांचं गटार तुंबलं तेव्हा सगळी गल्ली नाकाला पदर लावून होती आणि तुम्ही खिडकी उघडलीत. फोडणी करपली की तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहायचात आणि मग गॅस बारीक करायचात. आणि वॉर्डात रोज सकाळी आणि दुपारी बाटली हुंगून सही करत होतात. वॉर्डात तुमच्या नाकाचा केवढा बोलबाला. मेट्रनबाई पाहुण्यांना सांगायच्या, बाळाला आत काही व्हायला लागलं तर तपासणीच्या आधी आमच्या इन्चार्जला वास येतो, यांच्या नाकाला विचारा. ते खरंही होतं, तापाआधी. मला वाटायचं, येईल परत, सर्दीनंतर येतोच. तुम्हालाही तसंच वाटत असेल.

आता त्या दिवसाचं. त्या दिवशी दोन रिकाम्या पेट्या धुवायला काढल्या होत्या. काचेवर चिकटपट्टीचा गोंद राहिला होता, तो काढायला निलगिरी आणली होती. ती तशाच तपकिरी बाटलीत, कारण फार्मसीत दुसऱ्या बाटल्याच नव्हत्या. आयाने काच पुसली आणि बाटली ट्रॉलीवर ठेवली. दोन्ही बाटल्यांच्या चिठ्ठ्या स्पिरिटने पुसून कोऱ्या झाल्या होत्या. मी ट्रॉलीवरून एक उचलली. कोणती ते मला कळलं नाही, म्हणून नियमाप्रमाणे तुमच्याकडे घेऊन आले. तुमच्याकडे आणली म्हणजे माझी काळजी संपली, असा तो नियम होता.

तुम्ही बूच काढलंत, हात हलवलात, "बरोबर" म्हणालात, नवी पट्टी लावून त्यावर स्वतःच्या अक्षरात "वास" लिहिलंत आणि सही केलीत. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. खोलीत दोन शिकाऊ मुली उभ्या होत्या.

बूच उघडलं तेव्हा मला निलगिरीचा वास आला.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. दादालाही नाही. मी स्वतःला सांगितलं की पेट्या पुसल्यात, सगळ्या वॉर्डालाच वास येतोय, बाटलीचा नसेल. पण मला कळत होतं, वहिनी. नाकाजवळचा वास आणि खोलीतला वास यात फरक असतो. मी बोलले असते तर काय झालं असतं? दोनच दिवस आधी मी त्या शिकाऊ मुलींसमोर तुमची एक वजनाची नोंद दुरुस्त केली होती. तेव्हा तुम्ही म्हणालात, "घरात माझी नणंद, इथे माझी नर्स. दोन्हीकडे तोंड चालवू नकोस." मुली हसल्या होत्या. म्हणून गप्प बसले. एवढंसं कारण.

मी गॉज भिजवला. पाचव्या पेटीत ठेवताना वीतभर अंतराऐवजी दोन वीत ठेवला. पेटीत जागा होती तेवढी. म्हणजे तुमचं ऐकलंही आणि ऐकलं नाहीही. असं अर्धवट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. मग दोनदा पेटीपाशी गेले. दोन्ही वेळा हात भोकापर्यंत नेला आणि तुमच्या खोलीच्या काचेकडे पाहिलं. तुम्ही लिहीत होतात. दोन पन्नासला ती पहिल्यांदा विसरली. मी पिशवी दाबली, तिला आठवलं. तेव्हा तरी गॉज काढायला हवा होता. पिशवी धरायला दोन हात लागतात असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होते.

तीन चाळीसनंतर तुम्ही दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्यात आणि गरम पाण्याने धुतल्यात. मी दारात होते. एक शिकाऊ मुलगी म्हणाली, केवढा निलगिरीचा वास येतोय. तुम्ही तेव्हा हातातली बाटली नाकाला लावलीत. मग माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला तेव्हा कळलं. मला माहीत आहे हे तुम्हाला कळलं की नाही, ते मला आजही माहीत नाही.

मेट्रनबाईंच्या खोलीत तुम्ही म्हणालात की मी हुंगून बरोबर बाटली दिली, पुढे हिने बदलली असेल. मी गप्प बसले. लोकांना वाटलं, घरची अब्रू राखतेय. दादालाही तसंच वाटायचं, तो माझ्यापुढे मान खाली घालायचा. तसं नव्हतं. खरं सांगायचं तर तुमच्या नाकाचं सांगावं लागलं असतं, आणि तुमच्या नाकाचं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुझ्या नाकाला काय झालं होतं? मला दिलेली शिक्षा माझ्या चुकीला पुरेशी होती. फक्त ती दुसऱ्याच चुकीबद्दल मिळाली.

ती मुलगी तेलानेच गेली असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. बाराशे चाळीसची बाळं तेव्हा तशीही जायची. पण आधीचे सहा दिवस ती चांगली होती. वहीत असेल, पाहा. दिवसाला चार वेळांवर आली होती.

तर आता सांगा. परवा आठ नर्सेससमोर तुम्ही हुंगलंत, मान हलवलीत आणि सही केलीत. त्या बाटलीत काय होतं?

धाकटी

*

२१ मार्च

वहिनी,

पाच दिवस झाले, उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं, पत्र पोचल्याची सही तुमचीच आहे.

मी तुमच्यासारखं नेमकं लिहू शकत नाही, पण तारखा मलाही मोजता येतात. सोमवारी ती इन्चार्ज बाटली उघडेल, हुंगेल आणि मान हलवेल, कारण तुम्ही तसं करून दाखवलंत. तिचं नाक चांगलं असेलही. पण कधी तिला सर्दी होईल, आणि सर्दी झालीय हे सांगायला तिला लाज वाटेल, आणि शेजारी उभी असलेली मुलगी तिच्यापुढे बोलणार नाही. मी त्या मुलीला ओळखते.

शनिवारपर्यंत तुम्ही गेला नाहीत तर रविवारी गाडी पकडून मी जाईन. अडीचशे शर्ट तसेच पडून राहतील, पडू देत.

माझं पत्र दाखवायचं असेल तर दाखवा. पण अख्खं दाखवा. मला वास आला होता तो भाग गाळून नको.

धाकटी

*

२३ मार्च

धाकटीस,

आज सकाळी गेले. दुपार झाली आहे, लगेच लिहिते, नाहीतर उद्यापर्यंत मी वाक्यं नीट करत बसेन.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. वास आला नाही. त्या तापानंतर कधीच आला नाही. करपलेल्याचा नाही, पावडरीचा नाही, तुझा दादा गेला तेव्हा खोलीत औषधांचा जो असेल त्याचाही नाही. सव्वीस वर्षं मी लोकांच्या चेहऱ्यांवरून वास ओळखते. सुरुवातीला मी रोज सकाळी साबणाची वडी नाकाला लावून पाहायचे. वाटायचं, आज येईल. इन्चार्जचं नाक गेलं हे एकदा बोललं की पुन्हा कुणी विचारायला येणार नाही, एवढीच भीती होती. पाच दिवस उत्तर दिलं नाही कारण तू चुकीचं लिहिलं आहेस असा एक तरी मुद्दा शोधत होते. दूध मी विसरले होते. बाकी सगळं आठवत होतं.

तुझ्या दादाने मला एकदा विचारलं होतं, त्या बाटलीचं खरं काय. मी म्हटलं, तुझ्या बहिणीला विचार. तो तुला विचारणार नाही, हे मला माहीत होतं, म्हणूनच तसं म्हटलं.

डॉक्टरांना तुझं पत्र आधी वाचायला दिलं, मग तोंडी सांगितलं. त्यांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटी विचारलं, त्या दिवशी तुम्ही इथे हुंगलेली बाटली कोणती होती. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी इन्चार्जला बाटली आणायला सांगितली. तिने उघडून हुंगली आणि व्हॅनिला आहे म्हणाली. मग थांबली, बाटली डॉक्टरांपुढे धरली आणि म्हणाली, तुम्हीही पाहा. बाटली बरोबर होती, पण त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

सोमवारची सुरुवात पुढे ढकलली आहे. आता एका वेळेपुरतं पाणी फार्मसीतूनच बंद कुपीत, छापील चिठ्ठीसकट येईल. निलगिरी वॉर्डातून हद्दपार. हुंगून पाहायचा नियम काढून टाकला आहे. तोपर्यंत ते नऊशे साठचं बाळ वासाशिवायच राहील. त्याच्या आईने मला ओळखलं. त्या दिवशी मी दाखवायला गेले होते तेव्हापासून ती सोमवारची वाट पाहत होती. तिने विचारलं, मावशी, वास कधी देणार? मी म्हटलं, थोडा उशीर होईल. का म्हणून तिने विचारलं, आणि सांगायला मी तोंड उघडलं, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. त्यांचंच बरोबर होतं. तिला सांगून मोकळं होणं माझ्या सोयीचं होतं, तिच्या नव्हे.

एक समिती बसेल. मला बोलावतील, तुलाही विचारतील. पाचव्या पेटीतल्या मुलीच्या आईवडिलांना कळवायचं असं ठरलं आहे. ते अजून त्या पत्त्यावर आहेत का, कुणाला माहीत नाही. मी म्हटलं, मी जाते. डॉक्टर म्हणाले, तुम्ही एकट्या नाही जायचं. म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. ते योग्य आहे.

माफी पत्रात मागायची नाही असं मला वाटतं. तू बोलावलंस तर येईन. बोलावलं नाहीस तर कारण विचारणार नाही.

जे दिलं त्याची पोच घेतली आहे. तुझ्यासाठी तिची नक्कल खाली उतरवते.

वहिनी

पोच. दिनांक २३ मार्च, सकाळी अकरा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड, इन्चार्जची खोली. देणार: माजी इन्चार्ज सिस्टर. घेणार: वॉर्डाचे डॉक्टर. साक्षीदार: सध्याची इन्चार्ज सिस्टर.

वासाची नोंदवही, एक. लिहिलेली पानं एकशे सतरा, उरलेली कोरी. एकही पान फाडलेलं नाही, हे मोजून पाहिलं.

पान ११७ बाबत माजी इन्चार्जचा स्वतःच्या हाताने लिहिलेला जबाब, दोन पानं, दोन्हींवर सही. "भरले गेले" हा शब्दप्रयोग असलेला आधीचा मसुदा, एक पान, त्यावर "खोटे" असा शेरा आणि सही.

त्या दिवशीच्या दुपारपाळीच्या नर्सचं पत्र, दिनांक १६ मार्च, मूळ प्रत, पूर्ण.

पाचव्या पेटीतल्या मुलीच्या आईचं आणि वडिलांचं नाव, तेव्हाचा पत्ता. वहीतून उतरवलेली चिठ्ठी, एक. मुलीच्या नावाची जागा वहीत कोरी होती, चिठ्ठीतही कोरी ठेवली आहे.

परत घेतलं: काही नाही.